सूनबाईंची मालिश

सर्वांत आधी खुलासा करतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. आमच्या घरी कोणीही बाळंत झालेलं नाही. माझा मुलगा उत्कर्ष हैदराबादला असतो, चौतीस वर्षांचा आहे आणि अविवाहित आहे. इथे ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या ज्या घरांतून आमच्याकडे डिंकाचे लाडू आले, त्यांचे डबे मी धुऊन ठेवले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी न्यावेत. निळ्या झाकणाच्या डब्यावर कोणाचंच नाव नाही.

सूनबाई ही आमची कुत्री. उत्कर्ष लग्नाचा विषय काढू देत नसे. अकरा वर्षांपूर्वी अनसूया, म्हणजे माझी पत्नी, दारात बसून तांदूळ निवडत होती. रस्त्यावरचं एक पिल्लू उंबरा ओलांडून आत आलं आणि येता येता तांदळाचं भांडं लवंडून गेलं. नवी नवरी माप ओलांडते तसं. अनसूया म्हणाली, "आल्या बाई एकदाच्या आमच्या सूनबाई." तेव्हापासून तेच नाव. ती तिला अहो-जाहो करायची. "सूनबाई, जेवून घ्या." "सूनबाई, दिवाणावरून उतरा, सासरे आले." सासरे म्हणजे मी. मी वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी अनसूयेला बजावून ठेवलं होतं की हे नाव घराच्या आत ठेवायचं, बाहेर घ्यायचं नाही, लोक काय म्हणतील. त्यामुळे गल्लीत सगळे तिला भूरी म्हणत. पुढे जे झालं त्याचं मूळ माझ्या या हुकमात आहे, हे मी कबूल करतो.

अनसूया गेली त्याला आता चौदा महिने झाले.

माघात एका सकाळी सूनबाई उठल्याच नाहीत. पुढचे पाय टेकवले, मागचे फरशीवर तसेच पसरलेले. माझ्याकडे बघून शेपूट हलवली, तीही अर्धीच. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मी तिला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि पडाव भागात एका ट्रस्टचा जनावरांचा दवाखाना आहे तिथे नेलं.

डॉक्टर गरिमा वयानं लहान पण हातानं शांत. त्यांनी पाय वाकवून पाहिले, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "अंकल, जोड़ जकड़ गए हैं. दवा देती हूँ, पर असली चीज़ है मालिश."

"किसकी?"

"इसकी, अंकल. आपकी नहीं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी जुन्या सवयीनं औषधाच्या परचीच्या मागे मुद्दे लिहून घेतले. रोज अंगावरून हलका हात फिरवला की रक्त नीट फिरतं. आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं कमी होतं. पोट साफ राहतं, भूक लागते. घाबरलेलं जनावर शांत होतं. तेल लावायचं नाही, जोर करायचा नाही. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी.

"घर में इसे हाथ कौन लगाता है?" त्यांनी विचारलं.

"लावत होती," मी म्हटलं. "आता नाहीये."

त्यांना मराठी येत नाही, पण कळलं असावं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पंद्रह दिन कीजिए. उठ गई तो ठीक. नहीं तो फिर सोचना पड़ेगा."

हे 'सोचना पड़ेगा' मी आधी एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या डॉक्टरच्या तोंडून. ते म्हणायची वेळ येते तेव्हा विचार करण्यासारखं काही उरलेलं नसतं. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. पंधरा दिवसांनी मी एकटा असणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

आता हलका हात म्हणजे किती हलका, हे कोणी मला लिहून दिलं नव्हतं. माझ्या हाताला दोनच कामं नीट येतात. एक शिक्का मारणं, दुसरं पितळेचं निरांजन घासणं. मी दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं. सूनबाई पुढच्या दोन पायांवर सरपटत दिवाणाखाली गेल्या आणि तोंड भिंतीकडे करून बसल्या. मला वाईट वाटलं. पण तिचंही चुकलं नव्हतं. अकरा वर्षांत मी तिला स्पर्श केला तो दार लावताना पायानं बाजूला सारण्यापुरता. तेव्हा हाताची तिची-माझी ओळखच नव्हती.

दिवाणाखाली मी पोटावर पडून हात घालत असताना शेजारचे संग्रामसिंह आले. हे फौजेतले निवृत्त सुभेदार. पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले होते असं ते सांगतात. त्यांचा आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा आहे. घरात हळू बोलले तरी कोसभर लांब मुरारला ऐकू जातं.

"रमाकांतजी! ये क्या? काही हरवलं का?"

"मालिश करतोय. भूरीची."

"अशी? अहो, ही काय मालिश आहे का? आमच्या आजोबांच्या हाताखाली तीन घोडे होते. सुबह-शाम खरारा! सरसों का तेल, गरम करके, और ज़ोर से. घोडा खाली बसायचा नाही, बसलेला उठायचा."

"डॉक्टरांनी तेल नको सांगितलंय."

"डॉक्टर कितने साल की है? तीस? मेरा अनुभव पचास साल का है."

अनुभव घोड्यांचा होता आणि तोही आजोबांचा, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी वाटीभर तेल गरम केलं. पुढचं थोडक्यात सांगतो. तेल सूनबाईंच्या अंगाला कमी लागलं आणि फरशीला जास्त. मी उठायला गेलो तो आडवा झालो, मला उचलायला आलेले सुभेदार माझ्यावर आडवे झाले, आणि सूनबाई आम्हा दोघांना ओलांडून, तेलावरून घसरत थेट स्वयंपाकघरात पोचल्या. संग्रामसिंह खालूनच ओरडले, "देखा! चली!" त्या चालल्या नव्हत्या, वाहत गेल्या होत्या. तिनं तीन दिवस अंग चाटलं आणि तीन दिवस तिचं पोट बिघडलेलं होतं. गरिमाबाईंनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "अंकल, तेल किसने बोला था?" मी नाव सांगितलं नाही. शेजारी आहेत.

आठ दिवस गेले होते. सात उरले होते.

मग मला वाटलं, हे काम येणाऱ्या माणसालाच बोलवावं. आमच्या मराठी मंडळाची एक छापील पुस्तिका आहे. कोणाकडे काय मिळतं, पौरोहित्य कोण करतं, पापड कोण लाटून देतं, सगळे फोन नंबर त्यात आहेत. त्यात एक ओळ सापडली: 'शांताताई, मुरार. मालिश. हलका हात.' हलका हात हे शब्द वाचले आणि मी पुढचं काही वाचलं नाही. पुढे कंसात 'बाळंतीण व बाळ' असं होतं. मी फोन लावला.

"कोणासाठी पाहिजे?" पलीकडून आवाज आला. म्हातारा पण ठणठणीत.

"आमच्या सूनबाईंसाठी."

हे तोंडातून निघून गेलं. चौदा महिन्यांत ते नाव मी कोणापुढे घेतलं नव्हतं, ते का आलं कोण जाणे. कुत्री म्हटलं तर या येणार नाहीत, अशी भीतीही होती. मी खोटं बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"किती दिवस झाले?"

"आज नववा."

"अगं बाई! आणि आत्ता फोन करताय? जेवतात का नीट?"

"कुठलं. दोन घास."

"दूध?"

"दूध आहे, पिशवीचं. पण डॉक्टरीण म्हणाली त्यांना देऊ नका."

"पिशवीचं नाही हो, त्यांना स्वतःला येतंय का?"

मला हा प्रश्न विचित्र वाटला. "त्यांचं वय झालं आता," मी म्हटलं.

"घरात बाईमाणूस कोण आहे?"

"कोणी नाही. मीच करतोय मालिश."

"तुम्ही!" त्या अशा काही ओरडल्या की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "तुम्ही हात लावू नका. मी उद्या सकाळी येते."

दुसऱ्या दिवशी शांताताई टेम्पोनं जयेंद्रगंजात उतरल्या आणि घर सापडेना म्हणून गल्लीच्या तोंडाशी विजयाबाईंना विचारलं. विजयाबाई आमच्या मंडळाच्या वधूवर विभागाच्या प्रमुख आहेत. प्रश्न असा होता: "ते रमाकांतराव, ज्यांच्या सूनबाई बाळंत झाल्यात आणि सासराच मालिश करतोय, ते कुठे राहतात?" विजयाबाईंनी घर दाखवलं. मग आत जाऊन रजिस्टर उघडलं आणि उत्कर्षच्या नावावर लाल शाईनं रेघ मारली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दार उघडलं. शांताताई सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. पिशवीत शेगडीचा ओवा, बाळंतशोप, पोट बांधायचं धुतलेलं कापड. "कुठे आहेत?" म्हणत त्या आत गेल्या. सतरंजीवर सूनबाई पडल्या होत्या.

त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत सूनबाईंकडे पाहिलं.

"ही?"

"हो."

"ही सूनबाई?"

"अनसूयेनं नाव ठेवलं होतं."

"रमाकांतराव, चाळीस वर्षं या हातांनी बाळंतिणी न्हाऊ घातल्या. या लष्कर भागातली निम्मी पोरं माझ्या मांडीवर न्हालेली आहेत. आणि तुम्ही मला कुत्रं चोळायला बोलावलंत? एवढ्या उन्हातून आले मी. लाज कशी नाही वाटली?"

मला वाटली होती. मी तसं सांगितलं. त्या पिशवी उचलून वळल्या. तेवढ्यात सूनबाईंनी उठायचा प्रयत्न केला. पाहुणं आलं की उठून दारापर्यंत जायची तिची रीत होती. पुढचे पाय थरथरले, मागच्यांनी साथ दिली नाही, आणि ती हनुवटीवर आपटली. पुन्हा उठायला लागली.

"राहू दे गं, राहू दे," शांताताई म्हणाल्या. आणि पिशवी खाली ठेवून बसल्या. "हिला कोणी विचारत नाही वाटतं या घरात."

त्यांनी हाताचे तळवे एकमेकांवर घासले, गालाला लावून बघितले, आणि सूनबाईंच्या पाठीवर नुसते ठेवले. चोळलं नाही काही. मग मानेपासून शेपटीकडे, केसांच्या कलानं, हळूहळू. मांडीपाशी आल्यावर अंगठ्यानं छोटी छोटी वर्तुळं. सूनबाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला. तो मी चौदा महिन्यांत ऐकला नव्हता.

"बसा इथे," शांताताई मला म्हणाल्या. "हात ठेवा. आधी तिला कळू द्या कोण आहे ते. घाई नको. ऑफिस आहे का तुम्हाला?"

नव्हतं. मी हात ठेवला. कुत्र्याच्या केसांखाली एवढी ऊब असते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत लाडू यायला लागले. एक डबा, दुसरा डबा, अळिवाची पुडी, कोणाचं तरी दुपटं. आणणारे आत बघायचा प्रयत्न करत आणि आवाज खाली आणून बोलत. संग्रामसिंहांनी मला मिठी मारली. "आजकल सब चलता है, रमाकांतजी. लड़के ने बताया नहीं तो क्या हुआ, अपना खून है. लड़का या लड़की?"

मला वाटलं ते भूरीचं विचारतायत, यांना अकरा वर्षांत एवढंही कळलं नाही. "लड़की," मी म्हटलं.

"लक्ष्मी आई है!"

रात्री जेवणाआधी उत्कर्षचा फोन. "बाबा, मला मुलगी झाली असं मला इथे हैदराबादला कळलं. आई कौन है, ये भी पता चल जाता तो अच्छा था."

मी घरोघर जाऊन खुलासा केला. त्यानं आणखी बिघडलं. कुत्रीला सूनबाई म्हणतात हे ऐकून विजयाबाईंच्या सूनबाई आतल्या खोलीत इतक्या हसल्या की विजयाबाई माझ्यावर चिडल्या. उत्कर्षचं नाव रजिस्टरमध्ये परत घ्यायला अर्ज द्यावा लागेल, म्हणाल्या, आणि दोन सभासदांची सही लागेल की मुलगा अविवाहित असून त्याला अपत्य नाही. तो अर्ज अजून विचाराधीन आहे.

पण शांताताई रोज येत राहिल्या. मी विचारलं नाही का म्हणून. त्या म्हणायच्या, "धरलेलं काम मी मधे सोडत नाही. बाळंतीण असो नाहीतर ही." अकराव्या दिवशी सूनबाईंनी वाटीभर भात खाल्ला. तेराव्या दिवशी मागचे पाय टेकले, सात-आठ पावलं चालली आणि बसली. मी ताबडतोब गरिमाबाईंना फोन केला. मोजलेली पावलंही सांगितली.

चौदाव्या दिवशी शांताताईंचा हात थांबला. पोटाखाली, मागच्या पायाच्या जवळ.

"इकडे या. हात लावा इथे."

मी लावला. कातडीखाली फुटाण्याएवढं काहीतरी होतं. कडक. बोटाखालून सरकत नव्हतं.

"गाठ आहे," शांताताई म्हणाल्या.

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. चहाचं आधण ठेवलं. मग गॅस बंद केला. अनसूयेला छातीत गाठ होती. कळली तेव्हा लिंबाएवढी होती. तिच्या डॉक्टरनं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "इतने महीने से थी. आपको कभी पता नहीं चला?" मला तो प्रश्न उद्धट वाटला. मी दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली होती, तीन प्रतींत. डॉक्टरनं रुग्णाच्या पतीशी कसं बोलावं याबद्दल. अनसूया वरच्या मजल्यावर पलंगावर होती आणि मी खाली बसून कार्बन लावून तक्रार लिहीत होतो.

गरिमाबाईंनी गाठ तपासली. "छोटी है. अच्छा हुआ हाथ लग गया. परसों निकाल देते हैं." मालिश तिथे करू नका, म्हणाल्या, बाकी अंगाला चालू ठेवा. मी फॉर्म भरायला खिडकीवर गेलो.

खिडकीवरच्या बाबूनं सूनबाईंचं दवाखान्याचं जुनं कार्ड बघितलं. "मालिक के दस्तखत चाहिए. कार्ड पर नाम अनसूया है."

"ती माझी पत्नी. ती आता नाही."

"तो कब आएँगी?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण नियम उतरला नाही. मृत्यूचा दाखला आणि कुत्री माझ्या ताब्यात आहे असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागेल. मी वाद घातला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं, आणि वर दोन फोटो.

पडावात एक नोटरी झाडाखाली टेबल टाकून बसतात. चष्मा नाकाच्या टोकाला. मी म्हटलं, पत्नीच्या मृत्यूनंतर सूनबाई माझ्या संरक्षणात आहे असं लिहून हवंय.

ग्वाल्हेरमध्ये राहून थोडं मराठी सगळ्यांना येतं. "सूनबाई माने बहू ना?" त्यांनी विचारलं.

"हाँ."

"बहू की उम्र?"

"ग्यारह साल."

पेन खाली ठेवलं गेलं. "ग्यारह?"

"हाँ. परसों ऑपरेशन है, ज़रा जल्दी कीजिए."

"शादी कब हुई?"

"शादी नहीं हुई."

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्टही थांबला. माझ्याभोवती चार माणसं जमली. नोटरींनी मोबाइल उचलला आणि म्हणाले की बालविवाह हा गुन्हा आहे आणि ते आत्ता पोलिसांना बोलावतात. मी घाबरलो. घाईघाईनं म्हटलं, "अहो साहेब, वो कुत्ती है!"

"शरम नहीं आती?" ते उभे राहिले. "अपनी बहू को ऐसे बोलते हो?"

जमलेल्यांतला एकजण माझी कॉलर धरायच्या बेतात होता. मी मोबाइल काढला आणि त्यातला एक फोटो दाखवला. सूनबाईंचा माझ्याकडे एकच फोटो होता. उन्हात पायरीवर अनसूया बसली आहे, सूनबाई तिच्या मांडीवर उताण्या पडल्या आहेत, आणि अनसूयेचा हात त्यांच्या पोटावर.

नोटरींनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. "और ये?"

"मालिक," मी म्हटलं.

त्यांनी कागद लिहिला, शिक्का मारला. शिक्का सरळ होता. मला ते समजतं.

ऑपरेशनच्या दिवशी शांताताई माझ्याबरोबर आल्या. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर एक बकरी बांधलेली होती, पायाला पट्टी होती तिच्या. मी कोणाला न सांगितलेलं तिथे का सांगितलं, माहीत नाही. बकरीकडे बघत बोललो.

"शांताताई, तिनं मला दाखवलं होतं."

"काय?"

"ती गाठ. एकदा म्हणाली, इथे काहीतरी लागतंय, हात लावून बघा ना. मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, एखाद्या बाईला दाखव."

शांताताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मग?"

"मग काही नाही. तिनं कोणाला दाखवलं नाही. परत मला म्हणाली नाही. आठ महिने."

बकरी ओरडली, थांबली. शांताताईंनी पदरानं हात पुसले. ओले नव्हते.

"उत्कर्षच्या वेळी तिच्या माहेरी चाळीस दिवस मी होते तिच्याकडे. तुमच्या भिंतीवरचा फोटो बघून ओळखलं मी तिला," त्या म्हणाल्या. "रोज. तिचं अंग मला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला भेटली, तेव्हा म्हणाली, शांताताई, एकदा येऊन जा मालिश करायला, जुनी हौस. मी म्हटलं, आता तुला कशाला गं. हसली ती."

मी मान फिरवून बघितलं. त्या रडत नव्हत्या. आम्ही दोघंही समोर बघत बसलो. मी हात लावला असता तर किंवा त्या गेल्या असत्या तर, असं कोणीच बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडून गरिमाबाई बाहेर आल्या. "हो गया. साफ़ निकल गई. रिपोर्ट आएगी, पर मुझे लगता है ठीक है. अंकल, इतनी छोटी थी कि बच गई. लोग तो तब लाते हैं जब दिखने लगती है."

मला आनंद झाला. तो खरा होता. पण मी बाकावरून उठू शकलो नाही, आणि शांताताईच पुढे होऊन सूनबाईंपाशी गेल्या.

रिपोर्ट चांगला आला. टाके निघाले. सूनबाई आता गल्लीच्या तोंडापर्यंत जातात आणि विजयाबाईंच्या मांजरावर भुंकतात. उत्तरादाखल विजयाबाईंनी मला मंडळात व्याख्यान द्यायला लावलं. विषय त्यांनीच फळ्यावर लिहिला: 'पाळीव प्राण्यांची मालिश व तिचे आरोग्यदायी फायदे'. सत्तावीस माणसं होती, त्यांतली बरीच नंतरच्या बटाटेवड्यांसाठी. मी आयुष्यात भाषण केलं नव्हतं. परचीच्या मागचे मुद्दे वाचले. रक्त फिरतं. स्नायू सैल होतात. भूक लागते. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, सूनबाई आल्या नाहीत का, आणि लोक हसले. मीही हसलो.

मग म्हटलं, "आणखी एक फायदा आहे, तो परचीवर नाही. रोज हात लावणाऱ्याला गाठ लवकर सापडते. कुत्र्याची सापडते तशी माणसाचीही. माझ्या पत्नीनं मला हात लावून बघायला सांगितलं होतं. मी लावला नाही. तुमच्या घरात कोणी सांगितलं असेल तर लावा. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. लाज वाटेल. वाटू द्या."

एवढं बोलून मी खाली बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. विजयाबाईंनी आभार मानताना प्राणिमात्रांवर दया करावी असं काहीसं सांगितलं. वड्यांना त्या दिवशी घाई झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात संग्रामसिंह. इस्त्रीचा सदरा, हातात प्लास्टिकची फाइल. मागे रिक्षा उभी होती आणि रिक्षात त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, डोक्यावर पदर, नजर खाली.

मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"रमाकांतजी, ती... मागच्या दिवाळीत म्हणाली होती. मी लक्ष दिलं नाही." त्यांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली. "तिथे दवाखान्यात जाऊन काय सांगायचं असतं? मुझे आता नहीं."

मी आत जाऊन चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि रिक्षात पुढे, रिक्षावाल्याशेजारी बसलो.